एकोणिसाव्या शतकातील इंग्लिश मेणबत्तीदाने: वय कसे ओळखावे आणि घासावीत की नाही?

ओतीव (वुल्व्हरहॅम्प्टन)

नमस्कार. एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅम आणि आसपासच्या कारखान्यांत तयार झालेली पितळेची मेणबत्तीदाने जमवण्याचा नाद मला काही वर्षांपूर्वी लागला. मी याच भागात राहत असल्यामुळे जुन्या वस्तूंच्या जत्रा आणि रविवारी मोटारींच्या डिकीतून भरणारे बाजार हाताशी आहेत, त्यामुळे माल पाहायला मिळतो. अडचण माल मिळण्याची नसून ओळखण्याची आहे. विक्रेता प्रत्येक वस्तूला ‘व्हिक्टोरियन’ म्हणतो, आणि व्हिक्टोरिया राणी १८३७ ते १९०१ एवढा दीर्घ काळ गादीवर असल्यामुळे त्या शब्दातून फारसे काही कळत नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. कागदपत्र नसताना केवळ वस्तू हातात घेऊन तिचे वय कितपत सांगता येते? आणि काळवंडलेले पितळ घासून लखलखीत करावे की तसेच ठेवावे? माझे स्वतःचे मत असे आहे की चकाकणारे मेणबत्तीदान विकतच घेऊ नये, कारण वयाचा पुरावा त्या काळपट थरातच असतो. जाणकारांनी मत द्यावे.

तांबट_आळी (पुणे)

वरून पाहू नका, उलटे करा. दांड्याचे नक्षीकाम कोणत्याही काळात कोणीही नकलू शकतो, पण बुडाची आतली बाजू दिसण्यासाठी केलेलीच नसल्यामुळे नक्कल करणारा तिथे कष्ट घेत नाही.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अठराव्या शतकाचा बहुतेक काळ इंग्लंडमध्ये दांडा उभ्या दोन अर्ध्या भागांत ओतून ते भाग डाख देऊन जोडत असत. त्यामुळे पितळ वाचे आणि दांडा पोकळ राही. अशा दांड्यावर तोंडाची वाफ सोडली तर जोडाच्या दोन बारीक उभ्या रेघा क्षणभर दिसतात. पुढे साच्यात गाभा ठेवून अखंड पोकळ दांडा ओतण्याची पद्धत रुळली आणि रेघा गेल्या. म्हणजे रेघ दिसली तर वस्तू आपल्या चर्चेतील शतकाच्या आधीची असण्याचा संभव मोठा, आणि रेघ नसून आत पोकळी व ढकलकाठी असेल तर आपण योग्य शतकात आहात.

ढकलकाठी म्हणजे बुडातून वर सरकवायची ती कांब, जिने जळून उरलेले मेणबत्तीचे बुटुक खोबणीतून बाहेर निघते. ती कांब, तिची खालची चकती आणि बुडातील चरकाच्या (म्हणजे लेथच्या) वर्तुळाकार रेघा या तीन गोष्टी नीट पाहा. दांडा बुडाला आट्यांनी जोडलेला असेल तर तो सोडवून आटेही पाहा. शंभर-दीडशे वर्षे वापरलेल्या वस्तूच्या बुडाची कड टेबलावर घासून गुळगुळीत झालेली असते, पण आतला भाग गुळगुळीत नसतो. नकलेत झीज सगळीकडे सारखी असते, कारण ती एकाच दुपारी केलेली असते.

खवचट_काका

आमच्याकडे मेणबत्ती स्टीलच्या वाटीत स्वतःच्याच मेणावर उभी राहते आणि वीज आली की दोघी परत ओट्याखाली जातात. या वस्तूचे शतक कोणते धरावे, हे तांबट आळीकरांनी वाटी उलटी करून सांगावे.

तांबट_आळी

काका, वाटीवर लग्नाची तारीख आणि देणाऱ्याचे नाव कोरलेले असेल. एवढा भक्कम पुरावा इंग्लंडच्या पितळेवर क्वचितच मिळतो.

वातीकाजळी (ठाणे)

तांबट आळीकरांच्या उत्तराला एक पुरवणी जोडते. मेणबत्तीदानाचा आकार समजायचा असेल तर त्यात उभी राहणारी मेणबत्ती आधी समजली पाहिजे, आणि ती एकोणिसाव्या शतकात पूर्णपणे बदलली.

शतकाच्या सुरुवातीला सामान्य घरात जनावरांच्या चरबीची मेणबत्ती जळत असे. ती लवकर मऊ होई, वास मारी आणि धूर करी. तिची साधी पिळाची वात जळून संपत नसे, ती ज्योतीच्या मध्यात काजळी धरून उभी राही, त्यामुळे थोड्या थोड्या वेळाने ती कातरावी लागे. म्हणून त्या काळच्या संचात काजळी साठवायची डबी असलेली कात्री आणि तिची तबकडी असे. पुढे दोन सुधारणा जवळजवळ एकाच वेळी झाल्या. शेव्रल आणि गे-ल्युसॅक या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८२५ मध्ये चरबीपासून वेगळ्या केलेल्या घट्ट आम्लांच्या मेणबत्तीचे पेटंट घेतले, आणि त्याच सुमारास कांबासेरेस यांनी वेणीसारखी विणलेली वात आणली. ही वात जळताना वाकते, तिचे टोक ज्योतीच्या बाहेरच्या तप्त भागात येते आणि राख होऊन जाते. कात्रीचे काम तिथेच संपले. इंग्लंडमध्ये मेणबत्तीवरचा कर १८३१ मध्ये उठला, १८५० मध्ये जेम्स यंग यांनी कोळशापासून पॅराफिन काढण्याचे पेटंट घेतले, आणि कडक, स्वच्छ, स्वस्त मेणबत्ती गरिबाच्या घरातही पोहोचली.

याचा संग्राहकाला उपयोग असा: कात्री आणि तबकडीसह मूळचा संच मिळाला तर तो शतकाच्या पूर्वार्धातला असण्याकडे माझा कल राहील. ढकलकाठीमागेही हाच हिशेब आहे. मेणबत्तीचे बुटुक फेकून देणे परवडत नव्हते, ते न मोडता काढून पुन्हा वापरायचे होते.

गंमत अशी की शतक संपेपर्यंत घरात रॉकेलचे दिवे आणि रस्त्यावर गॅस आला, तरी पितळेची मेणबत्तीदाने सर्वाधिक संख्येने निघाली ती याच उत्तरार्धात. दिवाणखान्यातला दिवा रॉकेलचा झाला, पण जिना चढून झोपायच्या खोलीत जाताना हातात मेणबत्तीच राहिली. बशीसारखे बूड, बोट अडकवायला कडी आणि शेजारी ज्योत विझवायची शंकूसारखी टोपी असलेली ती बुटकी मेणबत्तीदाने त्यासाठीच असत. संग्राहक उंच जोडीच्या मागे धावतात आणि या बुटक्या हातदानांकडे दुर्लक्ष करतात, हे मला अन्यायाचे वाटते.

हडसन_किनारा (न्यू जर्सी)

वातीकाजळीताई, हातदानांबद्दल पूर्ण सहमत. इकडे अमेरिकेत याच्याही खालच्या पायरीची एक वस्तू मिळते: लोखंडी पत्र्याचे सरळ नळीसारखे मेणबत्तीदान, बाजूच्या खाचेत सरकणारा अंगठ्याचा खटका आणि खाली धारदार काठाची गोल चकती. त्या काठाने कापलेल्या डुकराचे केस खरवडत, अशी इकडची समजूत आहे आणि त्यावरूनच त्याला ‘हॉगस्क्रेपर’ हे नाव पडले आहे. केस खरवडायचे हत्यार दिसायला जवळपास तसेच असे एवढे खरे, बाकी शेतकऱ्याने रात्री टेबलावर ठेवायची वस्तू सकाळी डुकरावर चालवली असेल की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. यातली बरीच इंग्लंडमधूनच आलेली आहेत.

ओतीव यांच्या पहिल्या प्रश्नासाठी एक सोपी खूण सांगतो. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव घालणे सक्तीचे केले. त्यामुळे बुडावर फक्त ‘इंग्लंड’ असा शिक्का असेल तर वस्तू साधारणपणे १८९१ च्या नंतरची समजावी. ‘मेड इन इंग्लंड’ असा पूर्ण शिक्का बहुधा विसाव्या शतकातला असतो. शिक्का नसणे मात्र काहीच सिद्ध करत नाही.

इकडच्या लिलावांत आणखी एक प्रकार नेहमी दिसतो, तो वॉर्साच्या फ्राजे आणि नोर्ब्लिन या कारखान्यांच्या शिक्क्याच्या, चांदीचा मुलामा दिलेल्या जोड्यांचा. त्या काळी वॉर्सा रशियन साम्राज्यात होते. शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी शब्बाथचे दिवे लावण्यासाठी ज्यू कुटुंबे या जोड्या वापरत आणि देशांतर करताना सामानातून बरोबर आणत. मुलामा पार झिजून आतला धातू दिसत असला तरी त्या पुन्हा मुलामा न देता तशाच विकल्या जातात, आणि माझ्या मते तेच योग्य आहे.

रुपेरी (लंडन)

हडसन किनारा यांनी १८९१ ची खूण सांगितली, मी १८४२ ची सांगते. त्या वर्षापासून १८८३ पर्यंत इंग्लंडमध्ये नोंदवलेल्या नक्षीवर पतंगाच्या आकाराची एक खूण उमटवत. वरच्या वर्तुळात वस्तूचा वर्ग असतो आणि धातूसाठी तो रोमन एक असतो. कोपऱ्यांतील अक्षरे व अंक वर्ष, महिना आणि दिवस सांगतात. १८६७ पर्यंत वर्षाचे अक्षर वरच्या कोपऱ्यात आहे, १८६८ पासून ते उजवीकडे गेले आहे. १८८४ पासून ही खूण बंद होऊन एकापासून सुरू होणारे सरळ नोंदणी क्रमांक आले, आणि १९०० उजाडताना ते साडेतीन लाखांच्या थोडे पुढे पोहोचले होते. लक्षात ठेवायचे ते एवढेच की ही तारीख नक्षीच्या नोंदणीची असते. वस्तू त्यानंतर केव्हाही ओतलेली असू शकते.

हे पितळेविषयी झाले. मी स्वतः चांदीच्या बाजूची आहे आणि तिथले सापळे अधिक सुबक आहेत. चांदीवर तिची शुद्धता तपासणाऱ्या परीक्षा-कार्यालयाची मुद्रा असते, बर्मिंगहॅमची जहाजाचा नांगर आणि शेफील्डची त्या काळी मुकुट. समुद्रापासून इतक्या दूरच्या बर्मिंगहॅमला नांगर कसा मिळाला, याची दंतकथा अशी की १७७३ मध्ये दोन्ही शहरांची मंडळी कार्यालयांची परवानगी मिळवायला लंडनला आली तेव्हा ‘क्राउन अँड अँकर’ नावाच्या खानावळीत जमत, आणि तिथेच नाणे उडवून वाटणी झाली. राजाच्या किंवा राणीच्या मस्तकाची करमुद्रा १७८४ ते १८९० या काळात असते, त्यामुळे ती नसलेली चांदी सहसा त्या काळाच्या बाहेरची धरतात.

आता सापळा. बरीच चांदीची मेणबत्तीदाने पातळ पत्र्याची असतात आणि आत राळ किंवा प्लास्टर व लोखंडी कांब भरून जड केलेली असतात. हातात घेऊन ‘काय वजन आहे!’ म्हणणाऱ्याने राळेचे पैसे मोजलेले असतात. अशी वस्तू मेण काढण्यासाठी गरम पाण्यात बुडवू नये, आतला भराव सुटतो आणि दांडा डुगडुगू लागतो.

खवचट_काका

म्हणजे चांदीच्या भावात डांबर. आमच्या पालिकेच्या रस्त्यांत याच्या नेमके उलट होते.

कोरा_कागद (नागपूर)

रुपेरीताई, ‘शेफील्ड प्लेट’ आणि साधा मुलामा यात फरक काय? दोन्ही तांब्यावर चांदीच ना?

रुपेरी

दोन्हीत चांदीच असते, पण ती बसवण्याची रीत वेगळी. शेफील्डच्या थॉमस बूल्सओव्हर यांनी १७४० च्या दशकाच्या सुरुवातीला तांब्याच्या ठोकळ्यावर चांदीचा पत्रा तापवून एकजीव करण्याची युक्ती शोधली. मग तो ठोकळा लाटून पत्रा करत आणि त्या पत्र्यातून वस्तू घडवत. म्हणजे आधी चांदी, नंतर आकार. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये विजेच्या मुलाम्याचे पेटंट घेतले, त्यासाठीचे सायनाइडचे द्रावण जॉन राइट या तिथल्याच शल्यवैद्याने शोधले होते. यात आधी आकार, नंतर चांदी. शेफील्डची जुनी रीत त्यानंतर फार काळ टिकली नाही.

त्यामुळे जुन्या प्रकारात पत्र्याचा जोड शोधावा लागतो आणि तो सापडतोच, शिवाय कापलेल्या कडेला तांबे दिसू नये म्हणून चांदीची बारीक पट्टी मुडपलेली असते. विजेच्या मुलाम्यात जोड झाकला जातो. रंगही वेगळा: जुन्या पत्र्यातली चांदी थोडे तांबे मिसळलेली, म्हणून किंचित ऊबदार दिसते, तर विजेने बसलेली जवळजवळ शुद्ध चांदी पांढरीफटक दिसते. जुन्या शेफील्ड वस्तूवर उंचवट्यांवरून तांबे डोकावत असेल तर तिला घाबरू नका. तिच्यावर नव्याने मुलामा चढवलेला असेल तर मात्र ती सोडून द्या.

पितांबरधारी (कोल्हापूर)

दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळलेलेच नाही. मी ओतीव यांच्याशी पूर्णपणे असहमत आहे. व्हिक्टोरियन घरात नोकरमंडळींना पितळ आणि चांदी नियमाने घासावी लागे, काळे पडलेले मेणबत्तीदान तिथे आळसाचा पुरावा ठरले असते. म्हणजे वस्तू घडवणाऱ्याला आणि वापरणाऱ्याला ती चकाकती अपेक्षित होती. हा पवित्र काळपटपणा नंतरच्या संग्राहकांनी तिच्यावर लादला आहे. समई, तांब्या, घंटा आपण घासतोच ना? मी चिंच लावतो, घाईत असलो तर पितांबरी.

ओतीव

पितांबरधारी, युक्तिवाद चांगला आहे, पण समई आपण रोज वापरतो. वापर थांबल्यानंतर जो थर चढला तो त्या वस्तूच्या आयुष्याचाच भाग नव्हे काय? शिवाय नकली मालही चकाकतोच, मग ओळखायचे कसे?

धातुरसायन (जमशेदपूर)

दोन्ही बाजूंनी भावनेचा भाग बराच झाला, थोडे धातूचे ऐका. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. आम्लाने, मग ते चिंचेचे असो वा लिंबाचे, वरचा ऑक्साइडचा थर विरघळतो आणि पितळ उजळते. पण आम्ल फार वेळ ठेवले किंवा वर्षानुवर्षे तेच केले तर पृष्ठभागातले जस्त तांब्यापेक्षा आधी निघून जाते आणि मागे गुलाबी झाक उरते. ती झाक घासून जात नाही, उलट वाढते. समईची झीज आपण मनावर घेत नाही, पण शिक्क्याची उठावदार अक्षरे त्याच झिजेत पुसली जातात आणि रुपेरीताईंनी सांगितलेली पतंगाची खूण वाचता येत नाही.

अमोनिया असलेल्या पॉलिशविषयी अधिक सावध राहावे, आणि यामागची कथा भारतातली आहे. ब्रिटिश लष्कराची पितळी काडतुसे इथे पावसाळ्यात साठवलेली असताना आपोआप तडकत असत. ती तबेल्यांत ठेवली जात, आणि घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया दमट हवेत पितळेवर काम करी. थंड अवस्थेत ओढलेल्या पत्र्यात जो ताण उरतो त्याच्यावर अमोनियाचा परिणाम होऊन धातू फाटतो, हे १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. भरीव ओतीव मेणबत्तीदानाला हा धोका फारसा नाही. पातळ पत्र्यापासून चरकावर दाबून किंवा ठशात ठोकून केलेल्या वस्तूला तो खराच आहे. जुन्या पत्र्याच्या दांड्यावर केसासारखी बारीक उभी भेग दिसली तर ती वस्तू पडल्याचीच असेल असे नाही.

माझा सल्ला मधला आहे. साबणाचे कोमट पाणी, मऊ कापड, आणि नंतर कोरडे करून मेणाचा पातळ हात. बुडाची आतली बाजू कधीच घासू नये. वयाचा पुरावा तिथे आहे, दांड्यावर नाही, त्यामुळे पितांबरधारी यांना दांडा उजळता येईल आणि ओतीव यांना काळोखही मिळेल. राळ भरलेल्या वस्तूला पाण्याऐवजी ओलसर कापड वापरावे.

पितांबरधारी

बूड न घासण्याची अट मान्य. चिंच सोडण्याची नाही.

गोंयकार (मडगाव)

आमच्याकडच्या चर्चमध्ये हा विषय वेगळ्या रूपात दिसतो. जुन्या विधीप्रमाणे मोठ्या प्रार्थनेला मुख्य वेदीवर सहा मेणबत्त्या लागत, त्यामुळे तिथली दाने उंच आणि संचातली असतात, आणि अनेकदा खोबणीऐवजी वर टोकदार खिळा असतो, ज्याच्यावर मेणबत्ती खोचतात. मेणही मधमाश्यांचेच हवे असे. जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे, तिथे चर्चमधील धातुकाम पाहता येते.

सांगायचे ते असे की खिळ्याचे उंच दान कोणी विकायला आणले तर आधी ते कुठून आले ते विचारा. चर्चमधून वस्तू चोरीला जातात, आणि सहांपैकी सुटे एकच विकायला आले असेल तर उरलेली पाच कुठे आहेत हा प्रश्न साधा आहे.

जुम्मा_बाजार (मुंबई)

चोर बाजारात मटन स्ट्रीटवर ‘इंग्रज साहेबाच्या बंगल्यातले’ म्हणून जे दाखवतात त्यातले बरेच मुरादाबादचे असते. मुरादाबादच्या कारागिरांना कमी लेखायचा हेतू नाही, ते उत्तम पितळकाम करतात आणि जगभर पाठवतात. त्यामुळे ओतीव यांनीही सावध राहावे, कारण तोच माल इंग्लंडच्या बाजारांतही पोहोचलेला आहे आणि तिथे तो ‘व्हिक्टोरियन’ होतो. दांड्यावर हिऱ्यासारखे पैलू असलेली ‘किंग ऑफ डायमंड्स’, ‘क्वीन ऑफ डायमंड्स’ ही शतकाच्या अखेरची मालिका फार लोकप्रिय असल्यामुळे तिच्या नकला तर विशेष आहेत. मूळ वस्तूत पैलूंच्या कडा वापराने किंचित बोथट झालेल्या असतात, तर नकलेत त्या साच्यामुळेच बोथट आलेल्या असतात. दोन्ही शेजारी ठेवून पाहिली की हा फरक डोळ्यांना कळतो.

कायद्याचं_बोला (दिल्ली)

परदेशातील मंडळींसाठी आणि मुंबईतून खरेदी करू पाहणाऱ्यांसाठी एक सूचना. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ती भारताबाहेर नेता येत नाही. वस्तू इंग्लंडमध्ये ओतली होती हा बचाव विमानतळावर चालेल असे गृहीत धरू नये. मुरादाबादची नवी जोडी नेणाऱ्यानेसुद्धा ती जुनी दिसत असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र घेतलेले बरे.

खवचट_काका

म्हणजे खरी असेल तर नेता येत नाही आणि खोटी असेल तर खोटी असल्याचा दाखला लागतो. विक्रेत्याने ‘अस्सल’ म्हणून दिलेली पावती तेव्हा खिशातच ठेवावी.

ओतीव

सर्वांचे आभार. वयाच्या बाबतीत बुडाची झीज, चरकाच्या रेघा, ढकलकाठी, आटे आणि शिक्का एकमेकांशी जुळतात की नाही ते पाहायचे, हे पटले. घासण्याबाबत माझा आग्रह सैल झाला आहे, पण बाजारात घासलेले आणि न घासलेले शेजारी असतील तर मी न घासलेलेच उचलणार. आता एक व्यावहारिक प्रश्न उरतो. जोडीची किंमत एकट्या दानाच्या दुपटीहून बरीच जास्त सांगतात. ती मोजावी का?

तांबट_आळी

जोडी खरी असेल तर मोजावी. पण बरीच जोडपी विक्रेत्याने आपल्या टेबलावर लग्न लावलेली असतात. दोन्ही शेजारी उभी करून उंची पाहा, मग उलटी करून बुडाचा व्यास, ढकलकाठीची चकती आणि चरकाच्या रेघा ताडून पाहा. शक्य असेल तर वजन करा. हाताने पूर्ण केलेल्या खऱ्या जोडीत किरकोळ फरक असतो, पण दोघांचे बूड एकाच हाताचे दिसते.

आणि जोडी असो वा एकटे, बुडाच्या कडेला बारीक गोल भोक आहे का ते पाहा. विसाव्या शतकात अनेक चांगल्या मेणबत्तीदानांना भोक पाडून, ढकलकाठी काढून टाकून, आतून वायर ओढून टेबलावरचे विजेचे दिवे केले गेले. नंतर कोणीतरी वायर काढते, भोक पितळेने बुजवते आणि काठीच्या जागी नवी काठी बसवते. वरून पाहून ते कळत नाही. बुजवलेल्या जागेचा रंग मात्र सभोवतालच्या पितळेपेक्षा वेगळ्या गतीने काळवंडतो, त्यामुळे नुकत्याच घासलेल्या दानात ते लपते आणि न घासलेल्यात दिसते. न घासलेले उचलण्यासाठी तुम्ही हे कारण द्या, पितांबरधारी यांनाही ते खोडता येणार नाही.

पितांबरधारी

खोडत नाही. विकत घेताना काळे घ्या, घरी आणल्यावर चिंच भिजत घाला.